सातवं भोक

इल्मेनाऊमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
रोझविथा लावत नाही.
नळी तपासायची तर अंधार हवा.

सकाळपासून ती पाऱ्याचं भांडं वर-खाली करते आहे,
एकशे चाळीस खेपा, मोजून.
दर खेपेला हवा थोडी कमी,
तरी पिठाच्या झटकलेल्या डब्यासारखं
कडेकोपऱ्याला काही उरतंच.
उरायलाच हवं.
सगळी गेली तर आत काहीच घडणार नाही.

आता? भाचा विचारतो.
आता.
खटका. कॉइल तडतडू लागते.

नळीत मधोमध ॲल्युमिनियमची चकती, ऋण टोक.
तिला सात भोकं. रोझविथानेच पाडलेली,
सातवं जरा तिरकं गेलं.
चकतीपुढे निळसर धुकं;
ते लोरेन्झने शाळेत पाहिलंय.
पण मागे,
जिकडे कुणाला जायचं कारण नाही,
तिकडे सात पिवळट काड्या उजळल्यात.
एक तिरकी.

"धन टोकाकडून आल्या ना, मावशी?"

नाही रे. तिकडून कुणी निघालंच नव्हतं.
चकतीवरून इलेक्ट्रॉन सुटतात, सुसाट,
आणि वाटेत उरल्यासुरल्या हवेचा एखादा कण असतो,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्याला धडक बसते.
त्याच्या पदरचा एक इलेक्ट्रॉन उडतो
आणि तो धन होतो.
काही मिळालं म्हणून नव्हे,
गेलं म्हणून.

मग चकती त्याला ओढून घेते.
जड गडी, हळू निघतो, पण एकदा वेग धरला की धरला.
बहुतेक तिच्यावरच आपटतात,
हरवलेलं तिथेच परत मिळतं त्यांना.
ज्याच्यासमोर भोक आलं
तो आरपार.
ओढणारी मागे राहते,
हा आपला चाललाय.

"आणि रंग?"
आत जी हवा, तिचा. हायड्रोजन भरला असता
तर गुलाबी दिसल्या असत्या.

लोरेन्झ लोहचुंबक आणतो, काचेला टेकवतो.
काड्या ढिम्म.
मोठा आण, ती म्हणते, त्यानेही जेमतेम हलतील.
तो मोठा शोधायला जातो, परत येतच नाही,
स्वयंपाकघरात कुणीतरी बटाटे उकडलेत.

ती एकटीच बघत बसते.
मग दिवा लावते, चिठ्ठी लिहायला घेते.
अक्षर हललंय. थंडीने की पाऱ्याने,
हे तिने डॉक्टरला विचारलेलं नाही.

नळी क्रमांक एकतीस. ठीक.
थांबते. खाली लिहिते:
एक किरण तिरका. दोन मार्क कमी.