झाकण

लातूरच्या होस्टेलवरून सुटीला आलेली विशाखा
अर्धी भाकरी घेते, मोबाईलला विचारते,
त्यातलीही अर्धी मोडून परत टोपल्यात टाकते.
चटणीवरचं तेल कागदानं टिपते,
जखम पुसावी तसं.

"मम्मी, क्लीन खायचं असतं."

क्लीन.
शब्द नवा, पण चेहरा कुठंतरी पाहिलेला.

उदगीरला, चौथीत,
बाईंनी माझ्या डब्यात डोकावलं
आणि नाकाला पदर लावला.
चान्या होत्या, आईनं तव्यावर परतलेल्या.
मला दाराबाहेर बसवलं, चपलांपाशी.
दहावीपर्यंत मी झाकण अर्धंच उघडून जेवले.

मला उठवायला बाई तरी लागल्या.
ही आपली आपण उठते,
चपलांपाशी जाऊन बसते.

रात्री दीडला टोपलं वाजलं.
अंधारात ती शिळी भाकरी खात होती,
घाईघाईनं, चोरासारखी,
गाल ओले.

मी बटण दाबलं नाही.
फरशीवर तिच्याजवळ टेकले.
"मलाबी दे गं थोडी."

बराच वेळ काहीच नाही.
मग भाकरी मोडल्याचा आवाज,
आणि माझ्या हातात
मोठा तुकडा.