दार असतं तर

दीपश्रीने खोका दुकानात आणून टेकवला
भुशावर, फणसाच्या फळ्यांपाशी.
सात हजार चारशे नव्व्याण्णव.
तिचे शिकवणीचे पैसे, वर माझे दीड हजार,
जे तिच्या आईला ठाऊक नाहीत.
'बांधणी तुम्ही बघा, बाबा. वाजणं माझं मी बघते.'

मी च्यारी. डिचोलीत माझी दारं आहेत
एकतीस वर्षांची, अजून न घासता मिटतात.
गिटार कधी हातात धरली नव्हती.

बोटाच्या पेराने ठोकून पाहिली, फणस पाहतात तशी.
आवाज आला तो रंगाचा.
एवढा जाड लाल थर, की आतलं झाड कुठलं
हे विचारायची सोय नाही.
मान जिथे बसते त्या खाचेत पोस्टकार्ड जाईल एवढी फट.
चार स्क्रूंपैकी एक नुसताच फिरतो:
कुणीतरी पाळी संपताना घाईत जास्त पिळलाय.
त्याचा राग नाही आला. मीही पिळलेत
चवथीच्या आदल्या रात्री.

मग मान डोळ्याशी धरली, एक डोळा मिटून,
टोकाकडून, फळी पाहतात तशी.
सरळ.
उलटी करून पुन्हा पाहिली.
सरळ आहे गे, म्हटलं. एवढं त्यांना जमलंय.

ती वहीतून वाचत गेली.
पहिली पट्टी दाबा, शेवटची दाबा, मधे सातवीवर फट किती?
भाच्याच्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा जेमतेम गेला. चालेल.
बाराव्या पट्टीवर तारेखाली रुपयाची दोन नाणी सरकली,
दुसरं अडायला हवं होतं.
'म्हणूनच बोटं दुखतात,' ती म्हणून गेली,
आणि खोक्यावर टेप दोन रंगांची का
ते मला तेव्हा कळलं.

पट्ट्यांच्या कडांवरून तळवा फिरवला, वरून खाली.
गुळगुळीत, म्हणालो.
तिने तर्जनी पुढे केली: आडवा, बारीक, लाल चरा.
पुन्हा फिरवला. तरी गुळगुळीत.
साग कळतो या हाताला, मत्ती कळते,
ओलं लाकूड कोरडं म्हणून विकलेलं कळतं.
हे कळेना.

ती घरी जाऊन वातींचा कापूस घेऊन आली.
कडेने ओढत नेला तर तिसऱ्या पट्टीला अडकला,
पाचवीला, नवव्या-दहाव्याला,
चौदाव्याला पांढरे तंतू सोडून पुढे गेला.
जिथे तंतू, तिथे कानस.
करवतीच्या दातांची, सर्वांत बारीक.
दुपारचं जेवण राहिलं.

संध्याकाळी सुझेटच्या भावाचा छोटा अँप लावला.
नुसती घूं.
तारांवर हात ठेवला की गप्प, उचलला की घूं.
तेवढ्यात मागे गुरुदासने रंधा मशीन सुरू केलं
आणि लाल गिटारीतून माझंच मशीन बोलू लागलं.
'ती सगळंच ऐकते, बाबा. स्वस्तातली आहे ना.'
मी ओरडलो, बंद कर रे ते.
ट्यूबलाइटही बंद केली.
घूं थोडी गेली, थोडी राहिली.

अंधारात ती वाजवू लागली. काय, ते मला सांगता येणार नाही.
अस्नोड्याच्या फेस्ताला वाजवायचंय, इतकं ठाऊक.
दुसऱ्या तारेवर, वर कुठेतरी, एका सुराला झिणझिण होती.
प्रत्येक वेळी तिथून जाताना ती थोडी थांबायची.
मला ती नीट ऐकू आली.
कानाला अजून घट्टे पडलेले नाहीत.

'दहापैकी किती?'
दार असतं तर परत पाठवलं असतं, म्हणालो.
ती हसली नाही, पुढे वाजवत राहिली.
मी भुशात चाचपडत बसलो
सागाची एक काडी शोधत,
त्या फिरणाऱ्या स्क्रूच्या भोकात
गच्च बसेल एवढी.