पाणी कुठवर आलं?

फॉर्ममध्ये चारच पर्याय:
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
बोट ठेवलं की फोन त्याचे सेंटिमीटर करतो,
उपग्रहाला विचारून दाराचा पत्ता घेतो,
आणि म्सिंबाझी नदीच्या काठावर एक ठिपका पडतो.
घोट्याचा पिवळा. छातीचा लाल.
दार-एस-सलामच्या या उतारावर
सकाळपासून एकशे सहा दारं झाली.

पाझी शिंप्याने पाय दाखवलाच नाही, मशीन दाखवलं.
"पायटा बुडाला, चाक बुडालं, सुई कोरडी."
मी कंबर लिहिलं.
रिक्षावाला चोंबो म्हणाला,
"सीटवर बसलो तर कंबर, उतरलो तर छाती.
कुठला रंग देतेस?"
मी चिखलातून उडी मारून पुढच्या दारी गेले.

म्वानाइदी तांदळाचे गोड विटुंबुआ तळत होती.
तिने झारा ठेवला, तेलकट हात हवेत धरला
गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली,
जिथे माझ्या फॉर्मला शरीरच नाही.
"शाम्तेच्या गळ्याशी," म्हणाली.

पुढचा रकाना होता: घरातलं कुणी गेलं का?
मी तो वाचत होते, मोठ्याने नाही,
तेवढ्यात शाम्ते आतून आला,
डोक्यावर बादली, मिसरूड फुटू घातलेलं.
"तेव्हा चार वर्षांचा होता," ती म्हणाली
आणि दाराची चौकट दाखवली.

खिळ्याने ओरखडलेल्या रेघा पोराच्या,
निळ्या खडूच्या रेघा पाण्याच्या.
चौथ्या वर्षी गळा.
सहाव्या वर्षी छाती.
नवव्या वर्षी पुन्हा छाती,
पोर वाढलं तशी नदीही वाढली.
"कोणत्या वर्षाचं लिहू?"
"गळ्याशी आलं त्याचं.
बाकीचं काय, पाणीच."

चौकटीच्या तळाशी एक ताजा ओरखडा होता,
मागच्या महिन्यात उभं राहायला लागलेल्या पोरीचा.
मी त्याबद्दल विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

रात्री ऑफिसात थरावर थर चढवले:
जमिनीचा उतार, गटारं, पत्रे, जुलाबाचे रुग्ण.
म्वानाइदी: ब्याऐंशी सेंटिमीटर, नारिंगी.
शेजारच्या अकरा घरांत मिसळली की फिकट पिवळी.
सरासरीला नाक नसतं,
तिच्या नाकातोंडात पाणी जात नाही.
मी सरासरीचा थर बंद केला
आणि एक नवा रकाना जोडला: कुणाचा गळा?
किसांगा साहेब मागे उभे होते.
"अंगेटिले, हे मोजमाप नाही, ही गोष्ट झाली."
पण पुसायला सांगितलं नाही,
चहा घ्यायला निघून गेले.

आठवड्याने छापील नकाशा घेऊन गेले.
तिने तो उलटा धरला. घराकडून पाहिलं तर
नदी तशीच दिसते.
"नारिंगी म्हणजे काय? गटार बांधणार,
की भिंतीवर फुली मारणार?"
खालच्या आळीत फुल्या मारून गेले होते,
फुलीमागून बुलडोझर.
मी म्हटलं, माहीत नाही.
मला खरंच माहीत नव्हतं.
गटार खणणाऱ्याला आणि घर पाडणाऱ्याला
नकाशा एकच वाट दाखवतो.

तिने स्वतःच्या दारावर अंगठा ठेवला, बराच वेळ.
उचलला तेव्हा कागदावर तेलाची खिडकी होती,
तिच्यातून खालचं टेबल दिसत होतं.

मग मला चौकटीला टेकवून उभं केलं,
"टाच खाली," म्हणाली,
आणि डोक्यावरून खिळा ओढला.
लाकडाचा भुसा केसांत पडला.
"तिथवर आलं," झारा उचलत म्हणाली,
"तर कळवीन तुला."