मुकी

मंडईच्या मागे सुतळीवाले, त्यांच्या पलीकडे बामा हिलम.
फक्त बुधवारी. वेल्ह्याची पहिली एसटी चुकली तर तेही नाही.
समोर गोणपाट, त्यावर सात ढीग.
सहांची नावं मला ठाऊक होती.
सातव्याला ती म्हणाली, मुकी.
मुकी का?
"हिची शेंग वाळली तरी वाजत न्हाई."

पावशेर घेतली. पाषाणला, आमच्या प्रयोगशाळेत,
सावलीत वाळवली, दळली,
मेथनॉलमध्ये तीन रात्री बुडवून ठेवली.
द्रावण आधी हिरवं, मग चहासारखं,
मग न घासलेल्या पितळेचं.
वहीत लिहिलं: नमुना एकशे बारा. मूळ. कडू.
चाखायचं नसतं, हे वीस वर्षं मीच नव्या पोरांना सांगतो.
हर्डीकर मॅडमनी 'कडू' खोडलं.

काचेच्या बशीत यकृताच्या पेशी होत्या,
कुणा परक्या माणसाच्या. तो जाऊन जमाना झाला,
त्या वाढतायत अजून.
अठ्ठेचाळीस तासांनी निम्म्या उरल्या.
मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठेनात, डबा तसाच बंद.
म्हणाल्या, "पोटेन्शियल आहे."
हा शब्द आमच्यात
'पत्रिका जुळतेय' म्हणतात तसा वापरतात.
काहीच ठरलेलं नसतं.

मग पाच किलो हवी झाली.
"पाच किलो म्हंजे अख्खा सडा," बामा म्हणाली.
"रोगी किती हायती तुमच्याकडं?"
एकही नाही.
उंदीर आहेत, पण त्यांची मंजुरी यायचीय.
ती हसली नाही. शेजारची कढीलिंबवाली हसली.

रविवार पेठेतून पोतं आलं, जीएसटीच्या बिलासकट.
तोच रंग, वासही जवळजवळ तोच.
पेशींना काही झालं नाही. उलट तरारल्या.
तीनदा केलं. मेथनॉलची नवी बाटली फोडली.
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी पिपेटकडं.

बुधवारी मूठभर रुमालात बांधून नेली.
बामानं काडी मोडली, नखानं साल सोलली,
जिभेवर ठेवून थुंकली.
"हाय मुकीच. पर शेंग धरल्यावर उपटलीया.
समदं लेकरात गेलं, आईत काय ऱ्हानार?"

मग कधी काढायची?
गौरी गेल्या की, फूल यायच्या आत,
ऊन कलल्यावर. आणि तीन रोपांतलं एकच.
बाकीची दोन?
"एक डोंगराची. एक इसरायची."

गौरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत सड्यावर गेलो.
कातळावर बोटभर माती, तिच्यात अख्खं रान उभं.
गेल्या सालची एक शेंग सापडली.
कानाशी धरून हलवली. खरंच काही नाही.
वर्षभर जे विचारायचं राहिलं होतं ते तिथं विचारलं:
बामा, ही देतेस कशावर?
"कुणाला झालंय, त्ये आदी सांग."
कुणाला नाही, मी म्हणालो. असंच. संशोधन.

तिनं खुरपं खाली ठेवलं,
मातीच्या अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली,
उजेडाकडं तोंड वळवून डोळ्यात पाहिलं.
"तुला न्हाई," म्हणाली.
"घरात कुनाला?"

खाली दरीत ढग चढत होते.
थोरल्या भावाचे रिपोर्ट पाठीवरच्या पिशवीत होते,
टिफिनखाली, चार घड्या घालून.
मी बोललो नाही.
तिनंही पुन्हा विचारलं नाही. खणत राहिली.

शाळेला अर्धा किलो मिळाली, रीतसर.
मॅडमनी फॉर्म पुढं केला: संकलनाची पद्धत.
मी ऊन, तिथी, फूल, सगळं लिहिलं,
आणि शेवटी: तिसरे रोप विसरावे.
मॅडमचं पेन त्या ओळीवर थांबलं,
मग पुढं सरकलं, की फोन वाजला म्हणून सरकलं,
सांगता येत नाही.

एसटीत बसताना बामानं खिडकीतून दोन मुळ्या दिल्या होत्या,
पळसाच्या पानात. पैसे घेतले नाहीत.
त्यांना नमुना क्रमांक नाही.