पुठ्ठा

उणे एकतीस. सोदानक्यूलाच्या अंगणात
त्यूनेबाईंची जुनी व्होल्वो
रात्रभर वायरच्या दावणीला.
पहाटे चारला टायमर टक् करतो,
इंजिनाच्या पोटात हीटर जागा होतो.

सहाला त्या येतात, टॉर्च दातांत धरून,
रेडिएटरपुढे पुठ्ठा सरकवतात.
पुरता नाही, खाली चार बोटं मोकळी:
अगदीच कोंडलंस तर उकळेल,
म्हणायचा ओइवा.
पुठ्ठा त्याच्याच ऑक्सिजन-यंत्राच्या खोक्याचा.
'ही बाजू वर', बाण अजून दिसतो.
त्या तो उलटाच लावतात.

किल्ली. खोकला. पुन्हा किल्ली.
शेजारचा वेसा खिडकीतून ओरडतो,
"राहू दे की चालू अर्धा तास!"
त्या मान हलवतात. उभ्या उभ्या
नुसतं पेट्रोल जळतं, ऊब धरत नाही.
अर्धं मिनिट, बस्स. मग हळू, दुसऱ्या गिअरात,
पंखा बंद, हातमोजे तसेच,
काचेवर श्वासाची साय.

चर्चपाशी काटा हलतो.
पूल ओलांडल्यावर त्या पंखा लावतात:
पहिली झुळूक कोमट,
ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची.

दवाखान्याचं वळण.
पाय आपसूक ब्रेककडे जातो,
परत येतो.
लायब्ररी पुढच्या चौकात आहे.