विद्यमान वापर

पिवळा म्हणजे राहणं. निळा म्हणजे दुकान.
हिरवा म्हणजे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.
बावीस वर्षं नगररचनेत मी हेच केलं,
आधी पेन्सिलीनं, मग माउसनं,
रेषेबाहेर जाऊ दिलं नाही कुणाला.

यंदा प्रारूपात नवा रंग आला,
जांभळट, पिकायच्या आधीच्या द्राक्षासारखा.
सूचीत त्याचं नाव : पर्यटन निवास.
गंगापूर धरणाच्या कडेकडेनं तो सांडलाय,
संध्याकाळी जिथून पाणी दिसतं
बरोब्बर तिथवर.
जिथून दिसत नाही, तिथे हिरवाच ठेवलाय.

हरकत क्रमांक तीनशे बारा.
मथुरा लक्ष्मण बेंडकोळी.
अंगठा, आणि अंगठ्याशेजारी सहीसुद्धा;
बहुतेक शिकतेय.
स्थळपाहणीला गेलो. सोबत टेप,
शिपाई वाघचौरे आणि बंद पडलेला जीपीएस.

घर दोन खणांचं, लगत तिसरी खोली :
फरशी नवी, संडास कमोडचा,
भिंतीवर वारली चित्रं, नाशकातून रंगारी आणून काढलेली.
"आमच्यात न्हाई काढत. पाहुण्यांना लागत्यात."
शनिवारी पुण्याचे लोक येतात,
वायनरी बघून झाली की नागलीची भाकरी मागतात,
फोटो काढतात. भाकरीचा.

"मग हरकत कशाला?" मी म्हटलं,
"लोक या रंगात यायला चकरा मारतायत आमच्याकडे."

तिनं मागच्या अंगाला नेलं.
जोतं घातलेलं, वर काहीच नाही.
सळयांना गंज, एका सळईवर कारल्याचा वेल.
"पोराचं घर. सुनेला दिवस गेलेत.
तुमचा मानूस सांगून गेला,
हितं आता ऱ्हायला घर बांधता यायचं न्हाई,
कॉटेज बांधा, लगेच मंजूर व्हईल.
म्हंजी पुण्याचा मानूस झोपला तर चालंल,
माझा झोपला तर न्हाई?"

नियम मला पाठ आहे.
तरी पुस्तक काढलं; पानांचा आवाज झाला
की समोरच्याला वाटतं, सापडेल काहीतरी.
वाघचौरे दोन तांबे पाणी प्यायला.

मग तिनं वही आणली, पाहुण्यांची,
रकाने आखून दिलेली.
बाणेरच्या एका कुटुंबाच्या खाली
आणि ट्रेकिंगला आलेल्या दोन मुलींच्या वर
सावकाश, दाबून लिहिलेलं :
निवृत्ती लक्ष्मण बेंडकोळी व बायको.
कुठून आले : हितूनच.
कुठे जाणार :
किती दिवस : बघू.
कारण : ऱ्हायला.

"आता बसतंय का नियमात?"
भांडून विचारलं असतं
तर मला उत्तर देता आलं असतं.

मी पाथर्डी फाट्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
माझ्या डोक्यावरचा फ्लॅट रोजानं जातो,
कुंभाचं बुकिंग आत्ताच फुल्ल.
रात्री दोनला बॅगांची चाकं
छतावरून बेडरूमकडे जातात,
सकाळी लिफ्टकडे परत.
नकाशात तो फ्लॅट पिवळा आहे.
मीच रंगवलाय.

अहवालात एक रकाना असतो, विद्यमान वापर.
त्यात निवासी लिहिलं, खोडलं.
पर्यटन लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी तिच्याच अक्षरांनी लिहिलं : ऱ्हायला.
साहेबांनी चष्मा वर केला, "हा शब्द कुठला?"
म्हटलं, वहीतला. जोडपत्र अ.

सुनावणी मंगळवारी आहे.
निवृत्तीच्या नावाखाली मथुराबाईनं
एक ओळ रिकामी सोडलीय,
त्या दोन मुलींना खाली ढकलून.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
झेरॉक्समध्ये
ती नुसती कोरी दिसते.