घाई

पुण्याच्या कोर्सात एक अख्खा तास होता
ओळखी कशा वाढवायच्या याचा.
कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं,
समोरच्याचं नाव बोलण्यात तीनदा घ्यायचं,
हसायचं, पण दात न दाखवता.
मी पाचशे कार्डं छापून लातूरला परतले.
साडेचारशे अजून खोक्यात आहेत.
रीळ तुटलं की आई त्यांच्यावर
उरलेला दोरा गुंडाळून ठेवते,
माझ्या नावावरून जांभळा, 'डिझायनर'वरून पोपटी.

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात,
कार्ड कुणी मागत नाही.
विचारतात एवढंच : कुणाची गं तू?
आणि, रोख का उधार?

आई शेजारणीला सांगते,
नोकरी नाही, सुटीच असते ती.
आईला म्हणायचं असतं सुट्या पैशासारखी,
शेजारीण समजते रविवारसारखी.

माझ्या फोनात माणसांना आडनावं नाहीत.
मुनीर काज-बटण.
शैलाताई आरी, दोन ते चार फोन नको.
पिकोवाले जिन्याखाली.
वैजनाथ फोटो, लग्नसराई सोडून.
आणि आम्रपाली उंच :
औशाची, नीट दुसऱ्यांदा देणारी.
क्लास सुटला की होस्टेलच्या गच्चीवर
पाण्याच्या टाक्यांमध्ये उभी राहते माझे कपडे घालून,
बायोलॉजीचं पुस्तक फ्रेमच्या बाहेर, उघडंच.
पैसे घेत नाही. म्हणते, डॉक्टर झाले की
अ‍ॅप्रन तू शिवायचा, खांद्यात बसणारा.

दिवाळीनंतर निलंग्याचं काम आलं.
एकाच घरातले नऊ ब्लाउज, बाह्यांवर आरी, अकरा दिवस.
हळदीला चार दिवस उरले
आणि शैलाताईंचं मनगट सुजलं.
मी यादी वर-खाली केली.
तीनशे बारा नंबर,
त्यातल्या एकालाही रात्री साडेनऊला
'ये' म्हणता येईना.

मुनीरभाईंकडे गेले ते रडायला नाही, हूक आणायला.
मशीनवरून मान न उचलता ते म्हणाले,
"तोंड काहून उतरलंय?"
मग उदगीरला एक फोन, मेहुणीला.
मेहुणीचे आणखी दोघींना.
सकाळच्या पहिल्या एसटीनं तिघी उतरल्या,
बरोबर आरीची लाकडी खाट, पाय सोडवलेली.
कंडक्टरनं खाटेला अर्धं तिकीट लावलं होतं.
शैलाताई एका हाताने चहा ढवळत
दुसऱ्यांचे टाके उसवायला लावत होत्या.
गेले. नऊच्या नऊ.

पैसे द्यायला गेले तर दुकानात कुणी नाही.
फोन लावला.
काचेच्या काउंटरवर, बटणांच्या डब्यांमध्ये,
तो माझ्यासमोरच थरथरला.
पडद्यावर मी :
घाई.

नाव नाही, मॅडम नाही,
डिझायनर तर नाहीच.
कान तापले.
तीन वर्षांत मी या माणसाला
'काज कधी होतील' सोडून
काहीच विचारलं नव्हतं.
त्यांना मेहुणी आहे, हेही त्या रात्रीच कळलं.
तीनदा घ्यायचं नाव
मी तीनशेदा घेतलं असेल,
प्रत्येक वेळी पुढे काज-बटण लावून.

ते आले, हात ओले,
नोटा न मोजता गल्ल्यात टाकल्या.
मी विचारलं, मेहुणीचं नाव काय?
शमीम.
टाइप केलं. पुढे 'आरी' लिहायला अंगठा सरकला,
थांबला.
मग लिहिलंच.
काम आलं की शोधायचं कसं?

परवा चार काजांसाठी फोन केला.
आधी विचारलं, जेवण झालं का.
पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं,
थांबलेलंच राहिलं जरा वेळ.

"कोण बोलतंय?"